डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या आक्रमक वागण्यासाठी औषध सुरू करावे का?

मिरजेची आई

नमस्कार. माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा असून त्याला डाउन सिंड्रोम आहे. सातव्या महिन्यात त्याच्या हृदयातील छिद्राची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरच्या टु डी इको तपासण्यांत काही दोष आढळलेला नाही. तो दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलतो, आपल्या हाताने जेवतो, शौचाला जायचे असल्यास सांगतो आणि गेल्या वर्षापर्यंत तरी तो आमच्या सगळ्या गल्लीचा लाडका होता. गणपतीत आरतीला झांज त्याच्याच हातात असे.

गेल्या आठ-नऊ महिन्यांत तो पार बदलला आहे. जेवताना ताट भिरकावतो, धाकट्या बहिणीचे केस धरून ओढतो, रात्री दोन-तीन वेळा किंचाळत उठतो आणि रस्त्याने चालताना अचानक बसकण मारतो. बत्तीस किलोचे मूल एकदा बसले की मला उचलत नाही, आणि लोक भोवती जमून सल्ले देऊ लागतात, तो प्रकार मी वर्णन करून सांगायला नको. मागील महिन्यात मी मंडईत कोथिंबिरीचे पैसे देत असताना तो हात सोडवून पळाला आणि रिक्षा स्टँडच्या पलीकडे मोठ्या रस्त्यावर सापडला. त्या दिवसापासून मला नीट झोप लागलेली नाही. शाळेनेही आता सांगितले आहे की, औषध सुरू केल्याशिवाय त्याला पाठवू नये.

गेल्या आठवड्यात आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. दहा मिनिटांत तपासणी आटोपली आणि रात्री घेण्यासाठी रिस्पेरिडोनची गोळी लिहून मिळाली. गोळ्यांची पट्टी फ्रिजवरच्या डब्यात तशीच पडून आहे. यजमानांचे म्हणणे आहे की डॉक्टरांनी दिले आहे तर सुरू करू या. सासूबाई म्हणतात, "पोराला गुंगी देऊन गप्प बसवणार का?" एका नातेवाइकांनी मेंदूच्या टॉनिकचे, म्हणजे पिरासिटामचे, सिरप आणून दिले आहे आणि ते निर्धोक असल्याची ग्वाही दिली आहे.

अशी औषधे डाउन सिंड्रोमच्या मुलांना चालतात का, ती आयुष्यभर घ्यावी लागतात का, आणि ती सुरू करण्यापूर्वी आम्ही काय पाहून घ्यायला हवे होते, हे अनुभवी पालकांनी आणि जाणकारांनी कृपया सांगावे.

नाशिककर

ताई, माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तुम्ही वर्णन केलेल्या वागण्यातील जवळजवळ सर्व गोष्टी आम्ही तिच्या आठव्या वर्षी पाहिल्या आहेत, म्हणून औषधाबद्दल काही बोलण्याआधी मी तुम्हाला एकच प्रश्न विचारते. तुमचा मुलगा झोपतो कसा?

आमची मुलगी मांडी घालून, पुढे वाकून, कपाळ गादीला टेकवून झोपत असे. आम्हाला त्याचे कौतुक वाटायचे. तिच्या सांध्यांच्या लवचिकपणाचे नमुने म्हणून पाहुण्यांना फोटोही दाखवले आहेत. पुढे एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तो फोटो पाहून सांगितले की, आडवे झाल्यावर तिचा श्वास अडतो म्हणून ती अशी झोपते. स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतील श्वासाची तपासणी, केली तेव्हा रात्रभरात कितीतरी वेळा श्वास थांबत असल्याचे आणि रक्तातील ऑक्सिजन उतरत असल्याचे दिसले. टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड काढल्यानंतर सहा-सात आठवड्यांत तिची सकाळची आदळआपट इतकी कमी झाली की, वर्गशिक्षिकेने कोणते औषध सुरू केले असे विचारले.

डाउन सिंड्रोमच्या मुलांचा चेहऱ्याचा मधला भाग लहान, श्वासमार्ग अरुंद आणि स्नायू सैल असतात, त्यामुळे निम्म्या किंवा त्याहूनही अधिक मुलांना हा त्रास असतो असे आम्हाला तेव्हा कळले. मोठ्या माणसाची झोप झाली नाही तर तो पेंगतो. लहान मूल मात्र उलट जास्त चेकाळते, आणि आपण त्याला हट्टी ठरवून मोकळे होतो. तो घोरत नाही म्हणून निश्चिंत राहू नका, कारण आमची मुलगीही फारशी घोरत नव्हती.

सर्वांच्याच बाबतीत कारण झोपेचे असते असा माझा दावा नाही. आमच्याच ओळखीच्या एका मुलाचा हट्ट दाढेच्या किडीतून निघाला, आणि दुसऱ्याला टॉन्सिल काढूनही काडीचा फरक पडला नाही.

बालमनोविकारतज्ज्ञ, पुणे

या मुलाला मी तपासलेले नाही, त्यामुळे गोळी द्यावी अथवा देऊ नये असे मी येथे सांगणार नाही आणि कोणत्याही औषधाची मात्राही लिहिणार नाही. मात्र प्रश्न विचारपूर्वक मांडला आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

डाउन सिंड्रोमवर, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राच्या तिसऱ्या प्रतीवर, औषध नाही, आणि "वागणूक सुधारण्याचे औषध" असेही काही नसते. असते ते एखाद्या ठरावीक तक्रारीवरचे औषध: अतिचंचलता, स्वमग्नतेसोबत (ऑटिझम) येणारी तीव्र चिडचिड, चिंता, मंत्रचळ, नैराश्य किंवा झोप. त्यामुळे चिठ्ठी हातात पडल्यावर पालकांनी विचारायचा पहिला प्रश्न असा, की हे औषध नेमक्या कशासाठी आहे आणि ते लागू पडले हे आपण कशावरून ओळखायचे. याचे उत्तर एका वाक्यात मिळाले नाही तर घाई करू नये.

रिस्पेरिडोनबद्दल सांगायचे तर, अमेरिकेत २००६ मध्ये त्याला स्वमग्न मुलांच्या चिडचिडेपणासाठी मान्यता मिळाली. त्याच गटातील एरिपिप्राझोलला ती २००९ मध्ये मिळाली. या दोन्ही मान्यता स्वमग्नतेसाठी आहेत, डाउन सिंड्रोमसाठी नाहीत. डाउन सिंड्रोमच्या साधारण सहांपैकी एका मुलाला स्वमग्नताही असते, आणि अशा मुलांबाबतचा अनुभव काही प्रमाणात उपलब्ध आहे. २००८ मध्ये बाल्टिमोरहून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही निदाने असलेल्या २३ मुलांना रिस्पेरिडोन दिल्यावर अतिचंचलता आणि पुन्हा पुन्हा केलेल्या त्याच त्या हालचाली कमी झाल्याचे आढळले होते. परंतु तेथे तुलनेसाठी बिनऔषधाचा गट नव्हता आणि २३ हा आकडा फार लहान आहे. तुमच्या मुलाला स्वमग्नता आहे का, याची तपासणी कोणी केली आहे का? दहा मिनिटांत ती होत नाही.

हे औषध वाईट आहे असे मी म्हणत नाही. जे मूल स्वतःचे डोके भिंतीवर आपटते किंवा ज्याच्यापासून घरातील इतरांना खरा धोका आहे, त्याच्यासाठी मी स्वतः ते लिहितो आणि अनेकांना त्याचा उपयोग होतो. अडचण अशी की, त्याचे दुष्परिणाम नेमके या मुलांच्या दुखऱ्या जागांवर बोट ठेवतात. भूक वाढते आणि वजन चढते. ही मुले आधीच स्थूलतेकडे आणि मधुमेहाकडे झुकलेली असतात, आणि वजन वाढले की झोपेत श्वास अडण्याचा त्रास अधिक होतो. बद्धकोष्ठ वाढू शकते. लाळ गळणे, सुस्ती, स्नायू ताठरणे, प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढून छाती सुजणे किंवा मुलींची पाळी बिघडणे, हेही होऊ शकते. म्हणून गोळी सुरू करण्याआधी वजन, उंची, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि चरबीची तपासणी करून ठेवावी, तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी, आणि पहिले काही आठवडे वजन दर आठवड्याला घरच्या काट्यावर नोंदवावे. हे कोणी सांगितले नसेल तर मागून घ्यावे. डॉक्टर रागावतील या भीतीने गप्प राहू नये.

पळून जाणे आणि क्षणभरही एका जागी न बसणे हा मुख्य त्रास असेल, तर विचार अतिचंचलतेचा करावा लागतो आणि तेथे मेथिलफेनिडेट हे वेगळ्या गटातील औषध येते. ब्रिटनमध्ये बौद्धिक अक्षमता आणि तीव्र अतिचंचलता असलेल्या १२२ मुलांवर सोळा आठवड्यांची चाचणी झाली होती. त्यात औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के मुले लक्षणीय सुधारली, तर नकली गोळी मिळालेल्यांपैकी ७ टक्के. म्हणजे उपयोग होतो, पण निम्म्याहून अधिक मुलांना तो होत नाही, हेही त्याच आकड्यात आहे. या औषधाने भूक कमी होते, झोप उशिरा लागते आणि नाडीचे ठोके वाढू शकतात, म्हणून हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाच्या बाबतीत हृदयरोगतज्ज्ञांचे मत आधी घेतात. अतिचंचलतेवरच दिले जाणारे क्लोनिडिन त्याच्या उलट नाडी आणि रक्तदाब उतरवते. ते सुरू असल्यास पालकांनी परस्पर एकदम बंद करणे धोक्याचे आहे.

पिरासिटामबद्दल मी स्पष्टच लिहितो: देऊ नका. नव्वदच्या दशकात या औषधाची हवा झाली होती. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या बौद्धिक क्षमतेत त्यामुळे काहीही सुधारणा दिसली नाही. उलट काही मुलांत आक्रमकपणा, अस्वस्थता आणि झोपेचा बिघाड दिसला. ज्या तक्रारीवर तुम्ही उपाय शोधत आहात तीच या सिरपने वाढू शकते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. साडेआठ वर्षे शांत असलेले मूल आठ-नऊ महिन्यांत बदलले, याचा अर्थ काहीतरी घडले आहे, आणि ते शरीरात आहे का हे आधी पाहायचे. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, दरवर्षी करायची असते. या वर्षीची झाली आहे का? कानांच्या नळ्या अरुंद असल्याने मळ साचतो, पडद्यामागे पाणी साचते, आणि ऐकू न येणारे मूल "ऐकत नाही" म्हणून बोलणी खाते. नजर, दात, बद्धकोष्ठ, पोटदुखी, रक्तातील लोह, गव्हातील ग्लुटेन न सोसणे, हे सगळे पाहावे लागते. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार स्लीप स्टडी प्रत्येक मुलाची तिसऱ्या-चौथ्या वर्षीच व्हायला हवी, लक्षणे असोत वा नसोत. आपल्याकडे ती क्वचितच होते.

रस्त्यात बसकण मारणे बहुधा वागण्याचाच भाग असते, परंतु तो पूर्वीपेक्षा कमी चालतो का, लंगडतो का, मान वाकडी धरतो का, लघवीवरचा ताबा गेला आहे का, हे नीट पाहा. या मुलांच्या मानेतील वरचे दोन मणके सैल असू शकतात आणि सांध्यांना सूजही येऊ शकते. यातील काही आढळल्यास वाट पाहू नका. तसेच मूल बोलायचे थांबले, तासन्‌तास एकाच जागी थिजून राहू लागले किंवा जेवणे सोडले, तर तो निराळा आणि तातडीचा आजार आहे. तो सहसा वयात येताना दिसतो.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक दवाखान्यांत विचारलाच जात नाही. सध्या त्याला दुसरी कोणती औषधे सुरू आहेत? सर्दीचे, दम्याचे, फिटचे, सगळ्यांची नावे लिहा.

मिरजेची आई

डॉक्टर, मनःपूर्वक आभार. तो नेमका कसा झोपतो हे मी काल रात्री जागून पाहिले. उशी पायाशी ढकलून, मान मागे टाकून झोपतो, आणि मधेच श्वासाचा आवाज थांबून मग मोठा हुंकार येतो. मी इतकी वर्षे याच खोलीत झोपते आहे.

टीएसएच दीड वर्षापूर्वी केली होती. चालणे पूर्वीसारखेच आहे आणि लघवीचा त्रास नाही. औषधे म्हणाल तर काही नाहीत, फक्त मागील पावसाळ्यात छातीत घरघर होत होती तेव्हापासून रात्री सर्दीचे एक सिरप देते. बाटलीवर माँटेलुकास्ट आणि लिव्होसेट्रिझिन असे लिहिले आहे. महिन्याभरासाठी दिले होते. बरे वाटते म्हणून दुकानातून आणत गेलो.

बालमनोविकारतज्ज्ञ, पुणे

मी हा प्रश्न याचसाठी विचारला होता. माँटेलुकास्टमुळे काही मुलांमध्ये चिडचिड, आक्रमकपणा, भयानक स्वप्ने आणि झोपेचा बिघाड होतो, आणि म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाची सूचना छापायला लावली. तुमच्या मुलाचे कारण तेच आहे असे मी येथून म्हणू शकत नाही. लाखो मुले ते सिरप घेतात आणि त्यांना काही होत नाही. परंतु मागील पावसाळा आणि "आठ-नऊ महिने" यांचा मेळ बसतो. ज्यांनी ते सुरू केले त्या बालरोगतज्ज्ञांना उद्याच फोन करा आणि घरघर पुन्हा झाल्यास पर्याय काय, हे ठरवून मगच बंद करा. एका औषधाने आलेला त्रास शमवण्यासाठी दुसरे औषध द्यायचे, हा प्रकार मी आठवड्यातून एकदा तरी पाहतो.

विशेष शिक्षिका, कोल्हापूर

मी बावीस वर्षे या मुलांना शिकवते आहे. वर डॉक्टरांनी जे लिहिले त्याबद्दल माझे दुमत नाही, पण औषधाच्या चर्चेत एक गोष्ट नेहमी मागे पडते. मूल काय करते हे सगळे सांगतात. त्याच्या आधीच्या मिनिटात काय झाले होते हे कोणालाच आठवत नाही.

एक दोनशे पानी वही घ्या आणि पंधरा दिवस प्रत्येक प्रसंग लिहा. किती वाजता, कुठे, त्याआधी काय चालले होते, त्याने काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले. हे शेवटचे टाळू नका. माझ्या वर्गातील एक मुलगा रोज साडेअकराच्या सुमारास पाटी फेकत असे. शिक्षा म्हणून त्याला व्हरांड्यात बसवायचे. वही भरल्यावर लक्षात आले की व्हरांड्यातून स्वयंपाकघर दिसते आणि खिचडीच्या मावशी त्याच्याशी बोलतात. आम्हीच त्याला रोज पाटी फेकायला शिकवले होते.

बसकण मारण्याबाबत माझा अनुभव असा, की या मुलांना एका गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत जाणे जड जाते. आपण "चल, चल" म्हणत हात ओढतो, आणि तो बसतो. ओढू नका, समजावू नका, त्याच्याभोवती जमलेल्यांना समजावणे तर सोडूनच द्या. शेजारी उकिडवे बसा, गप्प राहा, चेहरा कोरा ठेवा. उठल्यावर लगेच त्याच्या हातात एखादे काम द्या. बाहेर पडण्यापूर्वी कुठे जायचे याची तीन चित्रे दाखवा, कारण ही मुले कानांपेक्षा डोळ्यांनी लवकर समजून घेतात. दाराला वरच्या बाजूला कडी लावा आणि शर्टाच्या आत फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवा. पळू नये हे शिकवणे सुरू आहे तोवर कडी हाच उपाय आहे.

आणि शाळेबद्दल. "औषध घ्या मगच पाठवा" असे म्हणण्याचा अधिकार शाळेला नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. भांडायला जाऊ नका, पण त्यांचे म्हणणे लेखी मागा. लेखी मागितले की बहुतेक वेळा सूर बदलतो.

ठाण्याचे बाबा

वरील सर्वांचा आदर राखून मी थोडी दुसरी बाजू मांडतो, कारण अशा चर्चा वाचून औषध देणाऱ्या पालकांच्या मनात अपराधीपणा येतो आणि तो मी स्वतः भोगला आहे.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आणि स्वमग्नता दोन्ही आहेत. आम्ही सगळे केले: थायरॉइड, कान, झोप, चित्रे, वह्या. अकराव्या वर्षी तो स्वतःच्या मनगटाचे चावे घेऊन रक्त काढत असे आणि त्याच्या आईच्या दंडावर वळ असत. रिस्पेरिडोन सुरू केल्यावर दुसऱ्या आठवड्यात चावे थांबले. ज्या घरात हे घडलेले नाही त्यांनी "गुंगी" हा शब्द जपून वापरावा. तो गुंगीत नव्हता. तो पहिल्यांदा आमच्या शेजारी बसून जेवत होता.

आता दुसरी गोष्टही प्रामाणिकपणे सांगतो. दीड वर्षात त्याचे वजन चौदा किलोने वाढले. रात्री उठून तो पिठाच्या डब्यात हात घालायचा. वजन नोंदवायला आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नाही. कपडे लहान होत गेले ते वयामुळे असे समजत राहिलो. नंतरच्या डॉक्टरांनी मात्रा तीन महिन्यांत पायऱ्यापायऱ्यांनी उतरवली. चावणे थोडे परतले, पण पूर्वीइतके नाही. अतिचंचलतेसाठी हृदयाची तपासणी करून मेथिलफेनिडेट सुरू झाले, ते आजही आहे आणि शाळेच्या दिवशी त्याचा निश्चित उपयोग होतो.

एक व्यवहाराची सूचना करतो. मेथिलफेनिडेट औषध कायद्याच्या एक्स परिशिष्टात येते. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातील एक प्रत दुकानदार दोन वर्षे सांभाळून ठेवतो, आणि प्रत्येक दुकानाकडे ते विकण्याचा परवाना नसतो. आम्ही पहिल्या दिवशी सात दुकाने हिंडलो आणि दोघांनी आमच्याकडे संशयाने पाहिले. शेवटची गोळी उरेपर्यंत थांबू नका. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना घेतली नसेल तर तीही घ्या. वर्षाला एक लाखापर्यंतचे संरक्षण आहे आणि औषधे, तपासण्या, थेरपी यांचा काही खर्च त्यातून निघतो.

लेस्टरहून

मी मूळची सातारची असून गेली अठरा वर्षे इंग्लंडमध्ये राहते. मुलाचे वय बारा आहे. येथील अनुभव तुमच्या उपयोगी पडेल असे वाटले म्हणून लिहिते.

येथे बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना आजार नसताना केवळ वागण्यासाठी मानसोपचाराची औषधे वर्षानुवर्षे दिली जातात, हे उघड झाल्यावर सरकारी आरोग्यसेवेने २०१६ मध्ये ती कमी करण्याची मोहीम हाती घेतली, आणि २०१८ मध्ये मुलांसाठी तिचीच स्वतंत्र शाखा सुरू झाली. म्हणजे तुमच्या सासूबाईंची शंका अगदीच वेडगळ नाही. पुढारलेल्या देशातही तसे घडत होते.

येथील २०१५ च्या राष्ट्रीय मार्गदर्शनात एक नियम आहे, जो मी कागदावर लिहून फ्रिजला लावला होता. वर्तनाचे उपाय करून ठरलेल्या मुदतीत फरक पडला नाही, मूळ आजारावर उपचार करूनही वागणे बदलले नाही, किंवा धोका फार मोठा आहे, तरच असे औषध सुरू करायचे. सुरू केल्यावर तीन-चार आठवड्यांनी पाहायचे, आणि सहा आठवड्यांत काहीच परिणाम नसेल तर थांबवायचे. आमच्या मुलाला एरिपिप्राझोल दिले होते. सहा आठवड्यांनी वही पाहिली तेव्हा आधीचे आणि नंतरचे आकडे जवळपास सारखेच निघाले, आणि डॉक्टरांनी स्वतःहून ते कमी करत बंद केले. वही नसती तर मी छातीवर हात ठेवून सांगितले असते की फरक आहे. ठाण्याच्या बाबांना आला तसा फरक आम्हाला यावा, अशी माझी फार इच्छा होती.

मिरजेची आई

सात आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. अनेकांनी खासगी निरोप पाठवून चौकशी केली, म्हणून सर्वांना एकत्रच सांगते.

बालरोगतज्ज्ञांनी सिरप बंद केले आणि घरघर झाल्यास वापरायचा पंप लिहून दिला. दहा-बारा दिवसांनी रात्रीचे किंचाळणे थांबले. ते सिरपमुळेच थांबले की शाळेला सुट्टी लागल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही कानांतून कान-नाक-घसा तज्ज्ञांनी इतका मळ काढला की, यजमानांना पाहवेना. घरी परतताना शेजारच्या कुकरच्या शिट्टीला तो दचकला. उजव्या कानात पडद्यामागे पाणी आहे, त्याची फेरतपासणी पुढील महिन्यात आहे. टीएसएच ठीक आले, रक्तातील लोह कमी निघाले.

पिरासिटामची बाटली परत केली, त्यामुळे ते नातेवाईक सध्या बोलत नाहीत. मनोविकारतज्ज्ञांकडे पुन्हा गेलो आणि वही दाखवली. या वेळी अर्धा तास बोलणे झाले आणि त्यांनीच सांगितले की, स्लीप स्टडी होईपर्यंत गोळी थांबवू या, आणि पळण्याचा त्रास तेव्हाही राहिला तर वेगळ्या औषधाचा विचार करू. पट्टी अजून फ्रिजवर आहे. वहीत पंधरा दिवसांत एकतीस प्रसंग निघाले आणि त्यातील एकोणीस वेळा आम्ही त्याला चालू असलेले काही अर्धवट सोडायला लावले होते. शाळेला पत्र दिले आहे. उत्तर आलेले नाही, पण त्याला वर्गात घेतात.

परवा मंडईत तो पुन्हा बसला. मी शेजारी उकिडवी बसले आणि गप्प राहिले. पाच-सहा मिनिटे लागली. मेथी विकणाऱ्या बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, त्याव्यतिरिक्त कोणी काही बोलले नाही. उठल्यावर त्याच्या हातात टोमॅटोची पिशवी दिली आणि ती त्याने घरापर्यंत आणली. बहिणीचे केस मात्र काल संध्याकाळीही ओढले.

स्लीप स्टडीची तारीख मिळाली आहे. डोक्याला आणि छातीला तारा लावून, नाकाशी नळी ठेवून रात्रभर झोपवतात असे कळले. हा मुलगा डोक्यावर टोपी ठेवू देत नाही. घरी आधीपासून याचा सराव कसा करून घ्यावा, हे नाशिकच्या ताई किंवा ज्यांनी ही तपासणी करून घेतली आहे त्यांनी सांगितल्यास फार बरे होईल.